समुद्राकाठचा सदरा

गोव्याला निघालेल्या पन्नाशीच्या पुरुषाच्या बॅगेत बहुधा रोजचेच टेरिकॉटचे शर्ट आणि गडद पँटी असतात. मग कळंगुटला पोचल्यावर तो दुसरं टोक गाठतो आणि पोटावर ताणलेला फुलाफुलांचा शर्ट, खाली बर्मुडा असा पोशाख चढवतो. माझं म्हणणं असं की उष्ण, दमट किनाऱ्यावर देखणं दिसायचं तर वय लपवण्याचा खटाटोप सोडून द्यावा आणि तिथल्या हवेला मानवेल असं कापड अंगावर घ्यावं. दमट हवेत घाम वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून ते पाठीला चिकटतं आणि माणूस सारखा कॉलर सैल करत राहतो. मलमल, हातमागाची खादी किंवा जवसाच्या धाग्याचं लिनन घाम टिपतं, आणि वीण विरळ असली की वारा अंगाला लागतो. अंगाला आराम मिळाला की चेहरा मोकळा होतो. रुबाबाची सुरुवात तिथूनच होते.

उष्ण प्रदेशांनी हे फार पूर्वी ओळखलं. क्यूबातला ग्वायाबेरा हा शर्ट पाहा: पुढे सहसा चार खिसे, छातीवरून खाली उतरणाऱ्या बारीक चुण्यांच्या उभ्या पट्ट्या, खालची कड सरळ आणि बाजूला छोट्या फटी. खोचायचा नाही म्हणूनच तो असा शिवलेला असतो. त्या चुण्यांमुळे साध्या पांढऱ्या कापडालाही भारदस्तपणा येतो. 2010 साली क्यूबा सरकारने त्याला राजनैतिक समारंभांचा अधिकृत पोशाख ठरवलं. फिलिपाइन्समध्ये अननसाच्या पानांच्या धाग्याचा झिरझिरीत बारोंग सदरा लग्नातही घालतात, तोही न खोचता. आपल्या शेजारी गोव्यात कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी लिनन आणि साधी, सैल कापणी यांवरच नाव कमावलं. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली. सैल सदरा म्हणजे गबाळेपणा, हा समज या उदाहरणांपुढे टिकत नाही.

कोणी म्हणेल, या वयात नटायचं कोणासाठी? जिच्यासोबत आपण सुट्टीला आलो तिच्यासाठी, आणि ज्यांच्या गावात पाहुणे म्हणून उतरलो त्यांच्यासाठीही. किनाऱ्यावर अर्धी चड्डी ठीक आहे. मंगेशीच्या देवळात किंवा जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये पातळ सुती पँटच शोभते. दुसरा आक्षेप, लिनन चुरगळतं. चुरगळू द्यावं, त्या सुरकुत्या कापडाच्या जातीच्याच आहेत, आणि मळकेपणाशी त्यांचा संबंध नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, पण शोभा महागड्या नावापेक्षा मापावर जास्त अवलंबून असते. खांद्याची शिवण खांद्यावर बसली आणि बटणं न ताणता लागली, तर खादी भांडारातलं कापडही उत्तम दिसतं. फुलांशीही माझं वैर नाही. हवाईत फुलांचा अलोहा शर्ट कचेरीतही चालतो, कारण तो मापाचा आणि हवेला साजेसा असतो.

शरीर बदललं आहे हे मान्य करून त्याच्या मापाचे कपडे शिवणं हा स्वतःचा आदर आहे. म्हणून पुढच्या सुट्टीचं तिकीट काढाल, त्याच आठवड्यात शिंप्याकडे जा, आजचं माप द्या आणि दोन सुती सदरे शिवून घ्या.