कपारीचे वतनदार

दिवाणखान्याच्या खिडकीशी ठेवलेल्या झाडाची ओळख पटवावयाची असेल, तर विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबून भागत नाही. कारण रोपवाटिकांच्या दप्तरी रबर, बेंजामिना, नांद्रुक या सर्वांची नोंद ‘फायकस’ या एकाच नावाखाली होते, आणि ज्या गोतात वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्यासह 800 हून अधिक जाती नांदतात, तेथे नुसत्या आडनावाने माणूस सापडावा कसा? म्हणून जबानी घ्यावी ती झाडाचीच. देठ किंचित खुडताच पांढरा चीक ओघळतो, ही पहिली साक्ष. परंतु चीक तर देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्यालाही असतो. फांदीच्या शेंड्याशी पाहावे. तेथे उमलू पाहणारे पान एका टोकदार, तलम आवरणात गुंडाळलेले असते. पान मोकळे झाले की ते आवरण गळून पडते आणि फांदीभोवती एक रेखीव वलय मागे ठेवून जाते. असे वलय सोनचाफ्यालाही असते, पण त्याला चीक नाही. चीक आणि वलय या दोन्ही खुणा जेथे एकत्र भेटतात, तेथे झाड उंबर-फणसाच्या घराण्यातले, असे समजावयास हरकत नाही.

जात ठरविणे हे मग पानांवरून साधते. जाड, तुळतुळीत, हातभर वाढणारे पान आणि बहुधा लालसर आवरणाची कळी असली, तर ते रबराचे झाड. याच्याच मुळ्या ओढ्यांवरून पैलतीरी नेऊन मेघालयातील खासी आणि जैंतिया लोक आपले जिवंत पूल घडवितात, हे आठवले म्हणजे कोपऱ्यातल्या त्या मुक्या रोपाकडे पाहण्याची दृष्टी आपोआप आदराची होते. सारंगीच्या आकाराचे रुंद, शिरांनी उठावलेले पान पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लायराटाचे. खरा घोटाळा होतो तो बेंजामिना आणि नांद्रुक यांच्यात. बेंजामिनाच्या फांद्या लवलेल्या, पान पातळ, टोक निमुळते होत गेलेले, आणि उजेडासमोर धरल्यास त्याच्या बारीक शिरा एकमेकींना लगटून समांतर धावताना दिसतात. नांद्रुकाचे पान जाडसर, टोक बोथट. फुगीर मुळांची जी बुटकी झाडे बोन्साय म्हणून विकली जातात, ती बहुधा नांद्रुकाचीच असतात.

परंतु ओळख पटली म्हणजे स्वभाव कळला असे नव्हे. तो जाणून घ्यावयाचा, तर या गोताच्या मूळ मुक्कामी गेले पाहिजे. हरियाल, तांबट, बुलबुल यांनी पिकली फळे खावीत, आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेले सूक्ष्म बी एखाद्या वृक्षाच्या बेचक्यात किंवा गडाच्या तटातील चुन्याच्या सांध्यात रुजावे, हा यांपैकी कित्येकांच्या जन्माचा क्रम. तेथे माती मूठभर, पाणी पावसाचे आणि तेही क्षणात निथळून जाणारे. उजेड पानांच्या आडून गाळून आलेला. आणि जागा मात्र आयुष्यभराची. कुंडीतल्या फायकसची निगा ज्या नियमांनी राखावयाची, ते सारे नियम माझ्या मते या कपारीतच लिहून ठेवलेले आहेत.

मुळांची दाटी हे झाड निमूटपणे सोसते, म्हणून मोठ्या कुंडीची घाई करू नये. मुळ्या तळाच्या भोकातून डोकावू लागल्या म्हणजे एकच माप वाढवावे. मात्र साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. भोकावर खापरी ठेवून तांबडी माती, विटांचा चुरा आणि मुरलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे, आणि बोटाचे पहिले पेर मातीत घालून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, मग मात्र तळाशी निथळेपर्यंत द्यावे.

जागेविषयी हे झाड जितके हळवे आहे, तितके आणखी कशाविषयीही नाही. रोपवाटिकेच्या भरपूर उजेडात वाढलेला बेंजामिना घरात आणताच काही दिवसांत पानांचा सडा पडतो, आणि गृहिणी घाबरून त्याला कधी सज्जात, कधी स्वयंपाकघरात हलविते, पाणी वाढविते, खत घालते. अशा प्रत्येक उपचाराने पानगळ वाढतच जाते. वास्तविक तीव्र उजेडासाठी घडलेली ती पाने मंद प्रकाशात आपल्या पोषणापुरतेही कमावीत नाहीत. झाड त्यांचा भार उतरविते आणि नव्या उजेडाला साजेशी, अधिक पातळ पाने घडविण्याची तजवीज करते. या मुदतीत त्याला पूर्वेच्या खिडकीशी, वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर, एकाच ठिकाणी राहू देणे, हीच खरी शुश्रूषा. फांदी किंचित खरवडून आत हिरवे दिसले, तर धीर सोडण्याचे कारण नाही.

पाने ओल्या फडक्याने पुसावीत; पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावीत. चिकाने त्वचेला खाज सुटते, तेव्हा लहान मुले आणि मांजरे यांना जपावे.

रबराचे झाड छताला टेकले, तरी ते कुणाला देऊन टाकण्याचे कारण नाही. फांदीतून मुळे खाली सोडण्याची वडाची विद्या याच्याही अंगी आहे. म्हणून पावसाळ्याच्या प्रारंभी बोटभर जाडीच्या फांदीवरील इंचभर साल वलयाकार काढावी, चीक पुसून तेथे ओले शेवाळ प्लॅस्टिकने घट्ट बांधावे, आणि त्यात पांढरी मुळे दिसू लागली म्हणजे बांधाच्या खाली कापून हे गुटी कलम निराळ्या कुंडीत लावावे. खालच्या बुंध्यालाही नियमाने पाणी देत राहावे. छाटलेल्या जागेखालच्या सुप्त डोळ्यांतून त्याला नवे धुमारे फुटतात.