कोटेशन तळापासून वाचताना

असेंबल्ड कॉम्प्युटरच्या कोटेशनचा क्रम ठरलेला असतो. वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड. तळाशी कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा सप्लाय. वरच्या ओळींत कंपनी, मॉडेल, पिढी असं सगळं नोंदलेलं असतं. शेवटच्या ओळीत मात्र बहुतेक वेळा नुसतं ‘५०० वॅट’. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर असो की महात्मा गांधी रोड, गेमिंगसाठी मशीन घ्यायला आलेला मुलगा वरच्या तीन ओळींवर तासभर बोलतो आणि शेवटची ओळ त्याच्या नजरेतून सुटते. या कामात मुरलेला माणूस कोटेशन तळापासून वर वाचत जातो. यातली कुठली वस्तू आठ-दहा वर्षं जागची हलणार नाही, हे त्याला आधी ठरवायचं असतं. बजेट साठ-पासष्ट हजारांचं असेल तर पैसे आधी त्या वस्तूंसाठी बाजूला काढायचे. जे पुढे सहज बदलता येतं, ते आज बेताचं घेतलं तरी चालतं.

मुलासोबत वडील आले असतील आणि ते सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कामाला असतील, तर समजावण्याचं निम्मं काम तिथेच होऊन जातं. एबीबी, क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज यांच्या कारखान्यांमुळे या शहरात स्विचगियरवर हात बसलेली माणसं घरोघरी सापडतात. रेटिंग प्लेट कशी वाचायची हे त्यांना सांगावं लागत नाही. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेला तक्ता म्हणजे तीच प्लेट. त्यात बघायचा तो १२ व्होल्टचा रकाना, कारण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. स्वस्त लोकल सप्लायवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ छापलेलं असतं आणि या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेले असतात. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. उरलेले वॅट ज्या व्होल्टेजवर दाखवलेले आहेत, त्यांचा गेमिंगला फारसा उपयोग नाही. साडेपाचशे वॅटच्या चांगल्या सप्लायवर त्याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे एकट्या १२ व्होल्टवर ५४० वॅट. आरटीएक्स ३०६०सारखं कार्ड १७० वॅट घेतं, सहा कोअरचा रायझन ५ ५६०० सुमारे ७६ पर्यंत जातो, बाकी सगळं मिळून आणखी पन्नास धरले तरी बेरीज तीनशेच्या आसपास थांबते. मग साडेपाचशे कशाला? ग्राफिक कार्ड क्षणार्धासाठी ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उडी मारतं, आणि सप्लाय सतत पूर्ण भाराने चालवला तर लवकर थकतो.

थकतो म्हणजे नेमकं काय होतं, तेही हिशेबात मांडता येतं. सप्लायच्या आत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात आणि उष्णतेने त्यांच्यातलं द्रव हळूहळू आटत जातं. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना २००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर चालला, तर त्याचे ३२,००० तास होतात. रोज सहा तास मशीन वापरलं तर चौदा वर्षांहून जास्त. पैसे वाचवायला कारखानदाराने त्याच जागी ८५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर बसवला असेल, तर त्याच ६५ अंशांवर ८००० तास मिळतात आणि साडेतीन-पावणेचार वर्षांत तो संपतो. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर फुगून फुटले होते. त्या काळात दुरुस्तीच्या टेबलावर बसलेली माणसं आजही बोर्ड हातात घेतला की आधी कपॅसिटरची टोपणं बघतात. लोकल सप्लाय हजाराच्या आत मिळतो, बऱ्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ साडेतीन-चार हजारांना. साठ हजारांच्या मशीनमध्ये हा फरक पाच टक्क्यांच्या आसपासचा आहे, आणि सप्लाय जाताना कधीकधी बोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो.

सप्लायनंतर येते घरातली वीज. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड भिंतीवर असतो, पण त्यातल्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अशा घरात मशीन लावलं की कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागताच झिणझिण्या येतात. ग्राहक तक्रार घेऊन येतो की मशीनमध्ये करंट उतरतो आहे. बहुतेक वेळा मशीनमध्ये दोष नसतो. सप्लायच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोन्ही अर्थिंगला जोडलेले. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे २३०च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण कुठलीही गडबड जमिनीत जायची वाट बंद झालेली असते. अशा वेळी महागडं कार्ड सुचवण्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणणारा दुकानदार भेटला, तर ग्राहकाने त्याला धरून राहावं.

यूपीएसच्या बाबतीतही आकडा नीट वाचावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो. तीनशे वॅटचं मशीन आणि मॉनिटर त्यावर जेमतेम बसतात आणि बॅटरी काही मिनिटांत उतरते. खेळ सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढं पुरतं. त्याची खरी गरज पडते बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करताना. ऐन अपडेटमध्ये वीज गेली, तर बायॉस परत भरण्याचं वेगळं बटण नसलेला बोर्ड जागेवरच निकामी होऊ शकतो.

आणि बायॉस अपडेट किती मोलाचा ठरतो, हे २०१७ सालच्या दोन खरेदींतून कळतं. त्या वर्षी जानेवारीत इंटेलचा आय५ ७४०० आला, चार कोअरचा. एप्रिलमध्ये एएमडीचा रायझन ५ १६०० आला, सहा कोअर, बारा थ्रेडचा. दोन्ही मधल्या बजेटचे. त्या वेळच्या कित्येक खेळांत इंटेलच्या मशीनवर फ्रेम जास्त मिळत, त्यामुळे बरेच जण तिकडे वळले आणि त्या दिवशीच्या आकड्यांवर त्यांचं चुकलंही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना तेवढ्याच, ११५१, पण जुन्या बोर्डावर ती चालेना. ज्याने जानेवारीत बोर्ड घेतला होता, त्याची वर जाण्याची वाट नऊ महिन्यांत सातव्या पिढीच्या आय७शी संपली. २०२१मध्ये विंडोज ११ आली आणि तिने आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर जवळजवळ सगळेच बाहेर ठेवले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधारही संपला.

पहिल्या पिढीचा रायझनही विंडोज ११च्या यादीत नव्हता. पण त्याचं सॉकेट एएम४ होतं. त्या वेळच्या बी३५० बोर्डांवर रायझनची ५००० मालिका चालवू द्यायला एएमडी सुरुवातीला तयार नव्हती. ग्राहकांचा रेटा वाढत गेला आणि २०२२मध्ये कंपनीने ती परवानगी दिली. ज्यांच्या बोर्डाच्या कंपनीने नवा बायॉस काढला, त्यांनी जुना प्रोसेसर उचलून त्या जागी ५६०० बसवला किंवा थेट ५८००एक्स३डी. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच, आणि विंडोज ११ सुरू. २०१७मध्ये फ्रेमच्या तक्त्यात मागे पडलेलं मशीन आज चालतं आहे, ते या एका सॉकेटच्या जोरावर.

म्हणून सॉकेटचं पुढचं आयुष्य हीसुद्धा विकत घ्यायची गोष्ट आहे, आणि तिची थोडी जास्त किंमत मोजायला हरकत नाही. २०२२च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या एएम५ला निदान २०२७पर्यंत आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. याचा अर्थ १७०० सॉकेटचा इंटेल आय५ १२४००एफ घेणारा चुकतो असा नाही. प्रोसेसर पुन्हा कधी बदलायचाच नाही हे ज्याचं पक्कं आहे आणि ज्याच्याकडे जुनी डीडीआर४ रॅम पडून आहे, त्याला तो आजही पुरून उरतो. फक्त ‘नंतर वरचा प्रोसेसर टाकू’ असं मनात असेल, तर १७००वरची तेरावी-चौदावी पिढी जुन्या बाजारातून घेताना २०२४ साल आठवावं. त्या पिढ्यांतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर चुकीच्या व्होल्टेजमुळे झिजत असल्याचं इंटेलने मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणा येण्याआधी झिजलेला प्रोसेसर त्या मायक्रोकोडने बरा होत नाही.

कॅबिनेटबद्दल मात्र नाशिकपुरतंच बोलायला हवं. इथला हिवाळा मशीनला मानवतो. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी पंख्याचा वाराही गरमच लागतो, आणि खोली जितक्या अंशांनी तापते तितक्याच अंशांनी आतला प्रत्येक भाग तापतो. जानेवारीत ६८ अंशांवर चालणारं कार्ड मेमध्ये ८५च्या पुढे जाऊन स्वतःचा वेग कमी करू लागतं. पुढून काचेने बंद केलेलं, तीन रंगीत पंख्यांचं कॅबिनेट दुकानात देखणं दिसतं, पण त्या पंख्यांना हवा घ्यायला जागाच नसते. पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, आत हवा घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, एवढं असलं की पुरे. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही. रस्त्यांची कामं सुरू असलेल्या भागात फिल्टर महिन्याला धुवावा लागतो. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या न विसरता लावाव्यात. पावसाळ्यात उबेला आलेली पाल तिथूनच आत शिरते आणि बोर्डावर शॉर्ट होऊन मरते. दुरुस्तीच्या टेबलावर असे बोर्ड येतात.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर उरतं त्यातला मोठा वाटा ग्राफिक कार्डाचा. गेमिंगच्या मशीनमध्ये तो मोठाच असायला हवा. पण हे कार्ड मधेच बदलायचं आहे हे धरून घेतलं, की निवड सोपी होते. जुलै २०१६मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे मधल्या बजेटचं कार्ड. २०२२च्या अखेरीपर्यंत स्टीमवरच्या पाहणीत सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड म्हणून ते वर्षानुवर्षं टिकलं आणि त्याला नव्या खेळांचे ड्रायव्हर २०२५पर्यंत मिळत राहिले. त्याच कार्डाची ३ जीबीची स्वस्त आवृत्ती होती, ती फार आधी दमली. सहा जीबीवाली टिकली, कारण चिपचा वेग कमी पडला तर सेटिंग खाली आणता येतात. मेमरी कमी पडली की खेळ अडखळत राहतो. आज तोच प्रश्न ८ जीबी की १२-१६ जीबी असा उभा आहे. १०८०पी मॉनिटरवर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला आठ पुरतात. दर वर्षी येणारे मोठे खेळ पाच वर्षं खेळायचे असतील, तर चिप एक पायरी खालची चालेल, मेमरी बाराच्या खाली नको.

जुन्या बोर्डात नवं स्वस्त कार्ड टाकणाऱ्याने जोडणीच्या लेनही मोजाव्यात. २०२२च्या जानेवारीत आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं होतं आणि बोर्डाशी फक्त चार लेनने बोलत होतं. पीसीआय एक्सप्रेस ४ असलेल्या बोर्डावर ते कसंबसं निभावायचं. बी४५०सारख्या तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर वाट निम्मी झाली आणि मेमरी भरताच खेळ अडकू लागला. म्हणजे ज्यांच्याकडे जुने बोर्ड होते, ज्यांना स्वस्त कार्डाची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याच पदरी त्याचं सगळ्यात वाईट रूप आलं.

जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग थांबवलं आणि त्यानंतर वापरलेली कार्डं ढिगाने विकायला आली. त्यांत पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड आधी जातात, आणि दोन्ही बदलता येतात. विकणाऱ्याच्या मशीनवर अर्धा तास जड खेळ चालवून बघायचा, पडद्यावर ठिपके किंवा रेषा येतात का ते पाहायचं, आणि सिरियल नंबरचा स्टिकर खरवडलेला असेल तर परत फिरायचं.

रॅम एकाऐवजी दोन पट्ट्यांची घ्यावी, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातात. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलून धरला, भाव चढत गेले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत १६ जीबीवर थांबून दोन स्लॉट रिकामे असलेला बोर्ड घेणं शहाणपणाचं. एसएसडीच्या आयुष्याची धास्ती मात्र सोडून द्यावी. ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असलेल्या ५०० जीबीच्या ड्राइव्हवर रोज १०० जीबी लिहिले, तरी आठ वर्षं लागतात. आणि घरी खेळणारा रोज इतकं लिहीत नाही.

बिलाशिवाय घेतलं तर अठरा टक्के जीएसटी वाचतो, हे आमिष मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून नाशिकपर्यंत सगळीकडे आहे. पण चांगल्या सप्लायची वॉरंटी पाच वर्षांची असते, कार्डाची बहुधा तीन, आणि ती मागायला गेलं की आधी बिल आणि सिरियल नंबर मागतात. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, तेव्हा बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. साठ हजार हातात असतील तर पन्नास-बावन्नचं मशीन आज घ्यावं आणि उरलेले चौथ्या वर्षीच्या कार्डासाठी ठेवावेत. तेव्हा जुनं कार्ड विकून आलेली रक्कम त्यात घालता येते, आणि मूळ बिल सोबत असेल तर घेणारा दोन पैसे जास्तही देतो.