नजर आधी कुठे जाते?

हिरव्या मिरच्यांच्या ढिगात एकच लाल असली की नजर थेट तिच्यावर. का बरं? लोरां इट्टी या संशोधकाचं करिअर याच प्रश्नावर उभं राहिलं. १९९८ मध्ये, कॅलटेकला पीएचडी करतानाच, त्याने कॉख आणि नीबर यांच्यासोबत एक मॉडेल मांडलं. रंग, उजेड, रेषांची दिशा यांत आजूबाजूपेक्षा वेगळं काय, याचा नकाशा बनवायचा. सगळ्यांत उठून दिसेल तिथे नजर आधी जाणार. पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापकी, पण प्रश्न तोच. २००५ च्या मॉडेलमध्ये भर पडली: आपण काय शोधतोय, त्यावरही नजर ठरते.

आम्ही दोन-दोन वर्षांनी कंपनी बदलणारे. पॅकेजचा आकडा काय, लाल मिरचीसारखा आपोआपच दिसतो. पण आपण शोधतोय काय, हे कधी ठरवलंय का हो?