गालिचा धुण्याचा हिशेब

दिवाळीच्या आधी गालिचे धुणाऱ्यांचे फोन लागता लागत नाहीत. लागला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'किती बाय किती?' माप सांगितले की लगेच आकडा मिळतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न, 'गालिचा कशाचा आहे?' जो हे आधी विचारतो, त्याचा दर थोडा जास्त असला तरी काम त्यालाच द्यावे.

*

पुण्या-मुंबईकडे बोलले जाणारे दर साधारण असे आहेत. यंत्रावर विणलेले पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनचे कार्पेट चौरस फुटाला १० ते २५ रुपये. हाताने गाठी मारलेला लोकरीचा गालिचा ३० ते ६०. रेशमी असेल तर शंभराच्या पुढे, आणि चांगला कारागीर तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दर सांगतच नाही. घरी येऊन काम करायचे असेल तर बहुतेकांचा काहीतरी 'मिनिमम चार्ज' असतो. म्हणून एक लहानसा गालिचा धुवायला माणूस बोलावणे महाग पडते. शेजारच्या दोन घरांनी मिळून बोलावले, किंवा त्याच फेरीत सोफाही करून घेतला, की तोच खर्च अंगावर येत नाही.

*

हिशेब कागदावर करून पाहावा. ५ बाय ७ म्हणजे ३५ चौरस फूट. २० रुपयांनी ७०० झाले. त्याच मापाचा लोकरी गालिचा ५० रुपयांनी १,७५०. नोंदणीकृत कंपनी पक्के बिल देते तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ७०० चे ८२६ आणि १,७५० चे २,०६५. दर ठरवतानाच 'टॅक्स धरून की वेगळा' हे विचारावे. मापही विचारावे. चौरस मीटरचा दर ऐकायला मोठा वाटतो, पण एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट बसतात. तेवढ्याने भागले की दोन दर शेजारी ठेवून पाहता येतात.

*

या पैशांत काय काय येते? दोन माणसांचा अर्धा दिवस, येण्याजाण्याचा खर्च, घासायचे आणि पाणी ओढून घ्यायचे मशीन, शाम्पू. यांतला शाम्पू सगळ्यांत स्वस्त. त्यामुळे 'इम्पोर्टेड केमिकल आहे' म्हणून कोणी दर दुप्पट सांगितला तर ते कारण पटण्यासारखे नाही. 'दोन माणसे जास्त लागतील', 'सुकायला दोन दिवस लागतील', ही कारणे मात्र खरी असतात.

*

उचलणे हाच मोठा खर्च आहे. विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला एक अजस्र गालिचा आहे. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. आपल्या घरातला ८ बाय १० चा लोकरी गालिचा भिजला की दोन धट्टेकट्टे गडीसुद्धा धापा टाकतात. इमारतीला लिफ्ट नसेल आणि तिसऱ्या मजल्यावरून न्यायचा असेल, तर त्याचे वेगळे पैसे मागण्यात काहीच गैर नाही.

*

गालिचे धुण्याच्या एका कारखान्यात पाहिलेले. कारागिराने गालिचा हातात घेतला आणि आधी कोपरा उलटून पाठ पाहिली. पाठीवर नक्षी पुढच्यासारखीच स्पष्ट, एकेक गाठ वेगळी दिसत होती. 'हाताचा आहे,' तो म्हणाला. मग झालरीतला तुटका धागा काढून काडीवर जाळला. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली: लोकर. प्लास्टिकचा धागा असता तर तो वितळून त्याचा कडक मणी झाला असता. मग खिशातला पांढरा रुमाल ओला करून त्याने लाल किनारीवर दाबून धरला. बराच वेळ. रुमाल उचलला तर त्यावर फिकट गुलाबी डाग. त्याने काही न बोलता चिठ्ठीवर लिहिले, 'लाल सुटतो. थंड पाणी.' मशीन सुरूही व्हायच्या आधीचे हे काम. आपण पैसे मोजतो ते खरे यासाठी.

*

पाठीला कापड चिकटवलेले दिसले तर गालिचा टफ्टेड आहे. त्यात गाठी नसतात. धागे कापडात खुपसून मागून लेटेक्सच्या गोंदाने पक्के केलेले असतात. असा गालिचा भरपूर पाण्यात भिजवला की गोंद सुटू लागतो, वास मारतो, काही दिवसांनी खाली पांढरी भुकटी पडू लागते. हाताच्या गालिच्याला जी धुलाई मानवते ती याला मानवत नाही. दोन्हींना एकच दर आणि एकच पद्धत सांगणाऱ्याने पाठ उलटून पाहिलेली नसते.

*

'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' या नावांनी जे विकतात ते बहुधा व्हिस्कोस असते. दिसायला झगझगीत, किमतीला बरे. पण व्हिस्कोसचा धागा ओला झाला की कमजोर होतो, वाळल्यावर पिवळट पडतो, कडक होतो, त्याची लव पूर्वीसारखी बसत नाही. साध्या पाण्याचा पेला सांडला तरी डाग राहतो. हा गालिचा घेतानाच धुण्याचा विचार करावा. दुकानदाराला एकच विचारावे: हा धुतात कसा? उत्तर गुळमुळीत आले तर दिवाणखान्यात जेवणखाण होणाऱ्या घराने तो घेऊ नये.

*

पाणी लावायच्या आधी धूळ निघायला हवी. गालिच्यातला बहुतेक मळ कोरडाच असतो: माती, वाळू, केस, कपड्यांचे तंतू. मातीचे बारीक टोकदार कण बुडाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलाबरोबर धागा कापत राहतात. हे न काढता वरून शाम्पू ओतला की आत चिखल होतो. म्हणून गालिचा पालथा घालून पाठीवर छडीने झोडायचा, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, आणि मगच पाणी. आपल्याकडे गच्चीच्या कठड्यावर गालिचा टाकून बडवायची पद्धत होती, तिच्यात शहाणपण होते. जो माणूस आल्या आल्या बादली मागतो त्याला थांबवून आधी व्हॅक्यूम करायला सांगावे. त्याचे पैसे तुम्ही देत आहात.

*

'स्टीम क्लीनिंग' या नावाखाली बहुतेक वेळा वाफ नसतेच. गरम पाणी दाबाने आत मारतात आणि लगेच ओढून घेतात. सिंथेटिक कार्पेटसाठी उत्तम पद्धत. लोकरीला मात्र फार गरम पाणी आणि अल्कली साबण दोन्ही वैरी. घरातली कपड्यांची पावडर अल्कलीच असते. तिने लोकरीचा रंगही जातो आणि धागा खरखरीत होतो. लोकरीला उदासीन किंवा किंचित आम्ल शाम्पू लागतो.

*

हळदीचा डाग. हळदीकुंकवाचे घर म्हटल्यावर हा येणारच. साबण लावला की डाग लाल होतो आणि घरातली माणसे घाबरून अजून साबण लावतात. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, एवढेच ते असते. तो उन्हात फिका पडतो. गालिच्याचा स्वतःचा रंगही उन्हात उडतो, म्हणून तेवढाच भाग थोडा थोडा वेळ उन्हात धरावा. डागांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. 'डाग शंभर टक्के जाईल' असे पाहण्याआधीच सांगणाऱ्यापेक्षा 'प्रयत्न करतो, राहिला तर राहील' म्हणणारा जास्त भरवशाचा.

*

तेल, तूप, दूध सांडले तर घासू नये. पांढरे सुती फडके दाबून टिपावे, बाहेरून आत. घासल्याने डाग पसरतो आणि लव पिंजते. हे पहिल्या पाच मिनिटांत केले तर निम्म्या वेळा कारागिराला बोलावावेच लागत नाही.

*

आता खरा मुद्दा: सुकणे. धुणे दोन तासांचे, सुकणे दोन दिवसांचे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते. वरून हात फिरवला, कोरडा वाटला, म्हणून गालिचा अंथरला, तर आत ओल राहिलेली असते. एक-दोन दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. तागाची किंवा सुताची पाठ असेल तर ओल वर चढते आणि तपकिरी ओघळ उमटतात. चांगल्या कारखान्यात धुतल्यावर गालिचा फिरत्या यंत्रात पिळून काढतात, मग हवा खेळेल असा टांगतात. ही सोय असलेल्याचा दर जास्त असतो आणि तो असायलाच हवा. स्वस्तातली धुलाई बहुतेक वेळा सुकवण्यातच पैसे वाचवते.

*

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, कोकण, गोव्यात गालिचा पाण्याने धुऊ नये, कितीही सूट मिळाली तरी. हवेतच इतके पाणी असते की सुकणार कुठे? पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, धुऊन घ्यावा. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचा तर पूर्ण वाळवून, सुती चादरीत, प्लास्टिकमध्ये नव्हे. दिवाळीआधीच्या गर्दीत काम घाईचे होते आणि दर चढे असतात. दिवाळी झाल्यावर, थंडी कोरडी असते तेव्हा, तेच काम निवांत आणि कमी पैशांत होते.

*

कसर. सोफ्याखाली, कपाटाखाली जिथे पाऊल पडत नाही आणि उजेड जात नाही, तिथे लोकर कुरतडली जाते. किड्याच्या अळ्यांना मळकी लोकर जास्त आवडते. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून ठेवला, त्याची खालची बाजू झाडली, तर हे नुकसान टळते. याला एक पैसा लागत नाही. रफू करून घ्यायला मात्र भरपूर लागतो, कारण गाठ न् गाठ पुन्हा हाताने मारावी लागते.

*

गाठींवरून आठवले. काश्मिरी गालिच्यात इंचाला उभ्या १८ आणि आडव्या १८ गाठी असतील तर एका चौरस इंचात ३२४ गाठी होतात. ३ बाय ५ फुटांच्या छोट्या गालिच्यात जवळजवळ सात लाख. कोणीतरी महिनोन्‌महिने मागावर बसून त्या मारलेल्या असतात. अशा वस्तूच्या धुलाईत पाचशे रुपयांसाठी घासाघीस करायला मन धजत नाही.

*

याच्या उलटही खरे. दोन-अडीच हजारांना घेतलेल्या यंत्राच्या कार्पेटला दरवर्षी आठशे रुपये घालून धुऊन घेण्यात अर्थ नाही. घरचा व्हॅक्यूम आठवड्याला फिरवावा, डाग वेळेवर टिपावा, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा माणूस बोलवावा. लोकरीचा गालिचाही दरवर्षी धुवायची गरज नसते. वर्दळीच्या खोलीत दोन-तीन वर्षांनी, एरवी त्याहून उशिरा.

*

आपल्या धनगरी घोंगडीची रीत बघण्यासारखी. ती वारंवार धुतच नाहीत. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्याने ती ताठ आणि टिकाऊ होते. धुतली की खळ निघून जाते. म्हणून झटकायची, ऊन दाखवायचे. लोकर हाताळणाऱ्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: लोकरीला पाण्यापेक्षा वारा आणि ऊन अधिक मानवते.

*

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांचा हिशेब वेगळा. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेले असते, ते उचलून कुठे नेता येत नाही. दर खोलीवर असतो, साधारण तीस ते पंच्याहत्तर डॉलर, आणि जिन्याचे वेगळे. 'तीन खोल्या अमुक डॉलरमध्ये' अशी जाहिरात पाहून बोलावले की दारात येऊन डागांचे, वासाचे, सामान हलवण्याचे पैसे वाढत जातात. एकूण रक्कम लेखी घेतल्याशिवाय मशीन आत येऊ देऊ नये. अनेक मोठ्या उत्पादकांच्या वॉरंटीत ठरावीक काळाने व्यावसायिक सफाई केल्याच्या पावत्या लागतात; त्या जपाव्या. भाड्याचे घर सोडताना तर जास्तच. न्यू जर्सीत घरमालकाला डिपॉझिटचा हिशेब ३० दिवसांत द्यावा लागतो, कॅलिफोर्नियात २१ दिवसांत. रोजच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे तो कापू शकत नाही. डाग किंवा जळाल्याची खूण मात्र झीज धरली जात नाही. राहायला जातानाच कार्पेटचे फोटो काढून ठेवावेत.

*

धुणाऱ्या माणसाविषयी. दिवसभर ओणवे होऊन, गुडघे पाण्यात, हात साबणात. बहुतेक जण हातमोज्यांशिवाय काम करतात. त्यांना घरातले बाथरूम वापरू द्यावे, प्यायला पाणी, चहा विचारावा, आणि ठरलेला पैसा काम संपल्यावर लगेच द्यावा. 'उद्या या' म्हणू नये. काम चांगले झाले असेल तर दुसऱ्या घरी नाव सुचवावे. या धंद्यात तोंडी शिफारशीहून मोठी जाहिरात नाही.

*

गालिचा देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न. कशाचा आहे हे कसे ओळखलेत? आधी धूळ काढणार ना? रंग सुटतो का ते कुठे पाहणार? कुठे आणि किती दिवस सुकवणार? रंग गेला, आकसला किंवा फाटला तर काय? पाचव्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि गालिचा जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावे, माप आणि आधीचे डाग दिसतील असे. सरळ माणूस यावर रागावत नाही. उलट तोच आधी म्हणतो, 'फोटो काढून ठेवा.'

*

एवढे सगळे लिहून सांगायचे ते थोडक्यात असे. स्वस्त धुलाई शोधू नका, योग्य धुलाई शोधा. माप नंतर सांगा, धागा आधी. आणि घासाघीस करायचीच असेल तर धुण्याच्या पैशांत करा, सुकवण्याच्या पैशांत कधीच नको.