मॅरेथॉननंतर कळसूबाई

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पुरे केले. दुसऱ्या दिवशी चाळीचा जिना मी कठडा धरून पाठमोरा उतरलो! चढताना एवढा त्रास नव्हता. उतरताना मांडीचे स्नायू ताण खात शरीराचा भार पेलतात, म्हणून तेच अधिक दुखतात. तीन आठवडे धावणे बंद; चालणे, झोप, वरणभात, अंडी.

सहकारी विचारू लागले, "आता पुढे काय?" आणखी एक शर्यत लगेच नको होती. फेब्रुवारीअखेर आम्ही उभयता कसाऱ्यापर्यंत लोकलने, पुढे घोटीमार्गे जीपने अकोले तालुक्यातील बारी गावी गेलो. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातील सर्वात उंच शिखर. कातळावर लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर लहानसे देऊळ, खाली भंडारदऱ्याचे पाणी. वाऱ्याने टोपी उडाली ती गेलीच.

खरी परीक्षा उतारावर झाली. माझे पाय लटपटू लागले. तीन मजले रोज चढउतार करणारी सौ. मात्र पुढे. "अहो, गुडघे जरा वाकवा, पावले लहान टाका," ती म्हणाली.

बारीत चहा पिताना तिने विचारले, "त्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटरचीही असते ना? माझे नाव घाला."