बोकड आणला, पण पाळता आला नाही

2025 साली बकरी ईद 7 जूनला होती. पाऊस मात्र 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी, 28 मेच्या दुपारी, मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एक बोकड आणला. पांढरा, गुलाबी कानांचा, सोजत जातीचा. भिवंडीकडच्या बाजारातून टेम्पोत घालून आणताना कापूरबावडीपासून पुढे नेहमीची वाहतूक कोंडी, वरून पाऊस आणि टेम्पोला अर्धीच ताडपत्री. बोकड घरी पोचेपर्यंत चिंब भिजला होता. मी त्याला टॉवेलने पुसलं, फोटो काढले आणि नातेवाइकांना पाठवले. माशाअल्लाहचे पंधरा-वीस निरोप आले.

माझं बालपण धाराशिव जिल्ह्यातलं. दादीकडे उस्मानाबादी शेळ्या होत्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, एका वेताला बहुधा दोन करडं देणाऱ्या. दादीचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "बकरी कू एक वखत भुक्का रख, पन भिगा नक्को रख." हे वाक्य ऐकत मी वाढलो, त्यामुळे मला वाटायचं की शेळ्यांचं मला कळतं. खरं तर मला फक्त वाक्य माहीत होतं. शेळ्या दादी पाळत होती.

सोसायटीने परवानगी दिली होती. मागच्या मोकळ्या जागेत मांडव घालायचा, रोज जागा धुवायची, कुर्बानी मात्र आवारात करायची नाही. अट रास्त होती. आमच्या चार इमारतींतले मिळून अकरा बोकड तिथे बांधले. कुणी कल्याणहून आणलेला, कुणी देवनारहून, कुणी थेट राजस्थानच्या ट्रकमधून उतरवलेला. संध्याकाळ झाली की मुलांची जत्रा भरायची. प्रत्येक घरातून काही ना काही यायचं. चपात्या, भात, भिजवलेले हरभरे, पाव, एकाने तर बिस्किटांचा पुडा आणला. माझी धाकटी मुलगी रोज आईकडून दोन चपात्या जास्तीच्या करून घ्यायची. बोकड आवडीने खायचा आणि आम्हाला वाटायचं, किती छान रमला आहे.

3 जूनच्या रात्री तो उठेना. पोटाची डावी बाजू टम्म फुगलेली, दात करकर खाणं चाललेलं, रवंथ बंद, नाकातून पाणी. मी कुत्र्या-मांजरांच्या पाच दवाखान्यांना फोन केले. घोडबंदर रोडवर असे दवाखाने भरपूर आहेत. सगळीकडून सभ्य भाषेत एकच उत्तर आलं, आम्ही शेळी बघत नाही. शेवटी वॉचमन म्हणाला, शेजारच्या टॉवरमध्ये एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर राहतात. परळच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेले, सगळी नोकरी ग्रामीण भागात केलेले. रात्री साडेअकराला त्यांची बेल वाजवताना संकोच वाटत होता. त्यांनी दार उघडलं, चष्मा घातला आणि विचारलं, "खायला काय काय घातलं?" मी यादी सांगितली. ते चप्पल घालता घालता म्हणाले, "म्हणजे पंगतच."

मांडवात ते गोणपाटावर बसले. डाव्या कुशीत मूठ दाबून घड्याळाकडे बघत राहिले. निरोगी शेळीचं कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा हलतं, ते मुठीला कळतं. इथे काहीच हलत नव्हतं, आत फक्त पाणी डचमळत होतं. मग थर्मामीटर. शेळीला साधारण 102 ते 103 फॅरनहाइट असतं, याला 105 होता. खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. तिथे फिकट पांढरं दिसलं तर पोटात जंतांनी रक्त शोषलं असा अंदाज बांधायचा. ती गुलाबी होती, एवढंच बरं होतं. छातीला कान लावून म्हणाले, "दोन आजार आहेत. पोट तुम्ही बिघडवलंत, छाती प्रवासाने आणि पावसाने."

त्या रात्री मांडवात त्यांनी मला जे समजावलं, ते मी ईदच्या बाजाराआधी विचारायला हवं होतं. शेळीच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि चारा खरं तर तेच पचवतात. त्यांना पाल्याची, गवताची सवय असते. एकदम धान्य, त्यातही दळलेलं आणि शिजवलेलं, म्हणजे चपाती, भात, पाव आला की ते झपाट्याने आंबतं आणि पोटात आम्ल तयार होतं. आम्लाने ते सूक्ष्मजीव मरतात, अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं, जनावर आतून सुकत जातं आणि बाहेरून पोट भरलेलं दिसतं. खाणं बदलायचं तर दहा-बारा दिवस घेऊन थोडं थोडं बदलायचं. आम्ही त्याला बाजारातून आणलं त्याच संध्याकाळी चपातीवर आणलं होतं.

छातीचंही तसंच. शेकडो किलोमीटरचा ट्रकचा प्रवास, गर्दी, तहान, मग बाजार, मग पाऊस. ताणाखाली जनावराची प्रतिकारशक्ती खचते आणि एरवी गप्प बसलेले जंतू फुफ्फुसात उतरतात. नव्या जनावराला पहिले दोन दिवस कोरडी जागा, स्वच्छ पाणी, सुका चारा आणि शांतता द्यायची. आम्ही त्याला जत्रा दिली.

डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून हळूहळू पाजला, तोही बोकडाला पायांवर धरून. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात घाईने पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. सोड्याचं प्रमाण त्यांनी वजन पाहून ठरवलं, म्हणून ते इथे लिहीत नाही. ओळखीच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणवून इंजेक्शन दिलं. दोन वाजता बोकडाने ढेकर दिला. पहाटे त्याने मान उचलली. फज्रच्या वेळी पहिल्यांदा थोडी रवंथ केली, तेव्हा डॉक्टर उठले. जाताना म्हणाले, "जगेल. पण ईदला हा चालणार नाही, हे लक्षात ठेवा."

मला वाटलं, ते अशक्तपणाबद्दल बोलत आहेत. ते औषधाबद्दल बोलत होते. अँटिबायोटिक दिल्यावर ते मांसातून निघून जायला ठरावीक दिवस लागतात, काही औषधांना चार आठवडे. तोवर ते मांस कुणी खाऊ नये. ईदला तीन दिवस उरले होते. मी विचारलं, किती जण हे पाळतात? त्यांनी उत्तर दिलं नाही. मग माझ्याच लक्षात आलं की ईदच्या तोंडावर आजारी पडलेल्या जनावराला इंजेक्शन देऊन "उभं करणं" मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते मांस आपण गरिबांना वाटतो, शेजाऱ्यांना वाटतो, स्वतःच्या मुलांना वाढतो.

इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी मला माहीत असलेलीच हदीस सांगितली. चार प्रकारचं जनावर कुर्बानीला चालत नाही: उघड एका डोळ्याने अधू, उघड आजारी, उघड लंगडं आणि हाडांत मगजही उरला नाही इतकं रोड. आजवर मी ही यादी शरीयतची अट म्हणून ऐकत होतो. त्या दिवशी ती मला पशुवैद्याच्या तपासणीसारखी ऐकू आली. डोळे बघा, चाल बघा, अंगावरचं मांस बघा, आजार बघा. बाजारात मी काय बघितलं होतं? दात बघितले, दोन पक्के दात आलेत म्हणजे वर्ष उलटलं, एवढं. मग रंग, कान आणि वजन. नाक ओलं आहे की वाहतंय, शेपटीखाली घाण लागली आहे का, लेंड्या सुट्या आहेत की पातळ, कळपात रवंथ करतोय की कोपऱ्यात मान टाकून उभा आहे, यातलं काहीही नाही. लसीचं तर विचारलंच नाही.

लसीबद्दल मला नंतर कळलं. शेळ्यांत पीपीआर नावाचा विषाणूजन्य आजार आहे. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण. गुरांची बुळकांडी याच घराण्यातली, ती 2011 साली जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. पीपीआर 2030 पर्यंत संपवायचं उद्दिष्ट जागतिक संघटनांनी ठेवलं आहे. लस आपल्याकडे आहे, एका टोचणीने काही वर्षं संरक्षण मिळतं. पण टोचल्यावर ती लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे ईदच्या आठवडाभर आधी आणलेल्या बोकडाला आपण लस देऊन उपयोग नाही, ती पाळणाऱ्यानेच दिलेली हवी. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. गिऱ्हाइकांनी कानांची लांबी विचारण्याऐवजी हे विचारायला सुरुवात केली, तर विकणारे पुढच्या वर्षी उत्तर तयार ठेवतील.

आमच्या मांडवात अकरा ठिकाणचे अकरा बोकड एका बादलीत पाणी पीत होते. आजारी उंटांचे कळप निरोगी उंटांजवळ आणू नका, अशी ताकीद पैगंबरांनी (स.) दिली आहे. ते स्वतः मक्केत मेंढ्या राखत. मेंढ्या राखलेल्या माणसाचं ते बोलणं आहे, हे मला बादलीकडे बघताना उमगलं.

आपल्या या रस्त्याच्या नावातही जनावर आहे. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं आहे की इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाचे. घोड्यांची एवढी हाव. त्यानेच दक्षिणेतल्या पूर्व किनाऱ्याबद्दल लिहिलंय की तिथले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत आणि वर्षाअखेर त्यातले थोडेच उरत, कारण निगा कशी राखायची हे कुणाला येत नव्हतं. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मांडवातला भात आठवला. सातशे वर्षांनीही आपण जनावरावर पैसा खर्च करतो, त्याला काय खायला द्यायचं ते विचारत नाही.

ईदला मी रेड्याच्या सात हिश्श्यांतला एक हिस्सा घेतला आणि कर्तव्य पार पडलं. पण मन लागलं नाही. आदल्या रात्री मुलीने विचारलं होतं, "अब्बा, माझ्या चपातीने तो आजारी पडला ना?" मी पटकन नाही म्हणणार होतो. मग खरं सांगितलं. चपातीनेच पडला, पण चूक तुझी नाही. तू प्रेमाने दिलीस. काय द्यायचं हे विचारून घेणं माझं काम होतं, मी ते केलं नाही.

सोसायटीची परवानगी ईदपर्यंतच होती. ओवळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर चौदा शेळ्या राखणारे एक काका आहेत. त्यांनी बोकड ठेवून घेतला, पण कळपात नाही. झापाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या दाव्याला, वेगळ्या पाटीत पाणी. "बाजारातलं जनावर महिनाभर आत घेत नाही मी," ते म्हणाले. विलगीकरण हा शब्द त्यांनी वापरला नाही. संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने सगळं दाराआड, जमिनीपासून वर उचललेला माच कोरडा, टांगलेला उंबराचा आणि फणसाचा पाला, कोपऱ्यात मिठाची चाटण वीट. दादीचा गोठा मला तीस वर्षांनी परत दिसला.

पुढच्या ईदला मी हाच बोकड देणार आहे. दर रविवारी मुलीला घेऊन जातो. ती चपाती नेत नाही, सुबाभळीची फांदी नेते. मागच्या खेपेला तिने त्याची पापणी खाली ओढून बघितली आणि मला सांगितलं, "गुलाबी आहे." नंतर गाडीत बराच वेळ गप्प होती. घरी पोचायच्या आधी म्हणाली, "त्या दिवशी मला रडू येईल." मी म्हटलं, मलाही येईल. कुर्बानी ज्याची असते, त्याच्याबद्दल काही वाटायला हवं की नको?

मांडवाबाबत आम्ही अकरा जणांनी एवढंच ठरवलं आहे: प्रत्येकाची बादली वेगळी, छत पक्कं, खाली कोरडा भुसा, मुलांसाठी पाल्याची जुडी तयार, आणि खांबाला एक पाटी, चपाती-भात देऊ नये. पाटी डॉक्टरांनी लिहून दिली आहे. त्यांचं अक्षर वाचता येत नाही, म्हणून मुलगी ती परत लिहून काढते आहे.