काळ्या पाण्यावरची घरे

१/ अंदमानचा इतिहास आपण बहुधा एका कोठडीचा इतिहास म्हणून वाचतो. एक बंदिवान, एक कोलू, भिंतीत उंचावर एक झरोका. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. या बेटांवर गेल्या पावणेदोन शतकांत कुटुंबे मोडली, सरकारी परवानगीने नवी जुळवली गेली आणि फाळणीनंतर दूरवरून आणून वसवलीही गेली. आजचा धागा त्या कुटुंबांविषयी आहे. थोडा मोठा आहे. निवांत वाचा.

२/ निमित्त घरगुती आहे. यंदा हिवाळ्यात आमच्या घरातील चार पिढ्या एकत्र अंदमानला गेल्या : एकोणऐंशी वर्षांची आजी, आई-बाबा, आत्या, चुलतभाऊ-वहिनी, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि मी. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘क्रूझ’ असा शब्द होता. प्रत्यक्षात ती पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दोन तासांत पोहोचवणारी वातानुकूलित बोट. तरी आजीने त्या दिवसासाठी नवी साडी राखून ठेवली होती. तिच्या आजोबांच्या काळी समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, हे तिने बोटीत बसल्याबरोबर सर्वांना सांगितले.

३/ शिक्षेचे शास्त्र याच समजुतीवर उभे होते. समुद्रोल्लंघनाने जात जाते, घर तुटते, मेल्यावर पाणी द्यायलाही कोणी उरत नाही. म्हणून ‘काळे पाणी’ फाशीपेक्षा भयंकर वाटे. कंपनी सरकार अंदमानच्या आधीही हिंदी कैद्यांना बेंकुलेन, पिनांग, सिंगापूर, मॉरिशस येथे धाडत असे. अंदमानात १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने वसाहत घातली, पण रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावाने ही बेटे पुन्हा नकाशावर आणली. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जे. पी. वॉकर २०० बंदिवानांना घेऊन येथे उतरला.

४/ आपण पाहतो ते सेल्युलर जेल बरेच नंतरचे. त्याचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघणाऱ्या सात तिमजली इमारती आणि त्यांत सुमारे सातशे कोठड्या. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये. एकत्र निजण्याची बराक येथे मुद्दाम ठेवली नाही. माणसाला माणसापासून तोडणे हा त्या रचनेचा हेतूच होता. आज सातांपैकी तीन इमारती उभ्या आहेत.

५/ त्या व्हरांड्यात आजी बराच वेळ गजांना धरून उभी होती. मार्गदर्शक कोलूविषयी, रोज काढाव्या लागणाऱ्या तीस पौंड खोबरेल तेलाविषयी सांगत होता. आजीने मला हळूच विचारले, “इतकी माणसं इथं आणली. मग त्यांच्या बायकापोरांचं पुढे काय झालं गं?” इतिहासाच्या परीक्षेत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पण अंदमानचा कोणताही कालखंड या एका प्रश्नाने उघडता येतो. पुढचे सारे टप्पे त्या क्रमाने मांडते.

६/ मराठी घरांना सर्वाधिक परिचित कुटुंबापासून आरंभ करू. बाबाराव सावरकर आणि त्यांच्यामागून ४ जुलै १९११ रोजी विनायकराव, असे दोन सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते. पण तेथे असूनही एकमेकांना भेटणे दुरापास्त होते. घरी वर्षाकाठी एक पत्र. विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई आणि धाकटे बंधू नारायणराव यांना भेटीसाठी अंदमानला येता आले ते १९१९ मध्ये, म्हणजे सुमारे आठ वर्षांनी. बाबारावांना भेटायला आलेल्या मंडळींत त्यांच्या पत्नी येसूवहिनी नव्हत्या. पतीच्या भेटीची वाट पाहत त्या आधीच वारल्या होत्या.

७/ सावरकरांच्या राजकारणाविषयी आपली मते काहीही असोत. १९१९ चा तो प्रवास कौटुंबिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचावा. दिराने भावजयीला सोबत करून समुद्र ओलांडायचा आणि परतताना दोन्ही भावांना तेथेच सोडून यायचे. १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवरील तुरुंगांत हलवण्यात आले. अनेकांच्या नशिबी एवढीही भेट आली नाही. राजबंद्यांत मोठी संख्या बंगाल आणि पंजाबमधील तरुणांची होती. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच आत्महत्या केली. उल्लासकर दत्त छळाने भ्रमिष्ट झाले. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मैत्र यांना मृत्यू आला.

८/ आता ज्यांच्यावर फलक लागत नाहीत त्यांच्याकडे वळू. वसाहतीतील बहुसंख्य बंदिवान राजबंदी नव्हते. खून, दरोडा अशा गुन्ह्यांसाठी जन्मठेप झालेले ते शेतकरी, मजूर, शिपाई होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमांनुसार आरंभी एकांतवास, मग टोळीने सक्तमजुरी, मग हलकी कामे. आणि दहा वर्षे चांगल्या वर्तनाने काढली की ‘तिकीट’ मिळे. अशा बंद्याला स्वावलंबी म्हणत. त्याने जमीन कसावी, गुरे पाळावीत आणि इच्छा असल्यास गावाकडून बायकामुलांना बोलावून घ्यावे. परवानगी होती. पण दहा वर्षांनी कोण येणार? शिवाय तेच काळे पाणी आता निरपराध पत्नीलाही ओलांडावे लागणार होते.

९/ स्त्रियाही जन्मठेपेवर येत. १८६० पासून स्त्री-बंदिवान अंदमानला पाठवल्या जाऊ लागल्या. त्यांची संख्या पुरुषांच्या तुलनेत फारच थोडी होती. त्यांना स्वतंत्र तुरुंगात ठेवत. पाच वर्षे झाल्यावर स्त्रीला विवाहाची मुभा मिळे. तिकीट मिळालेला पुरुष तेथे जाऊन वधू पसंत करी, स्त्रीही होकार वा नकार देऊ शके, आणि अधिकाऱ्यांच्या संमतीने लग्नाची नोंद होई. या विवाहांत सरकारला शिस्त दिसत होती : घरदार असलेला बंदिवान पळत नाही, दंगा करत नाही. निवड खरोखर कितपत मोकळी होती, याचे उत्तर मात्र नियमांच्या कागदात सापडत नाही. त्या स्त्रियांच्या हातचे लिखाण आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचलेलेच नाही.

१०/ या संसारांतून जन्मलेल्या मुलांना सरकारी भाषेत ‘लोकल बॉर्न’ म्हटले गेले. वडील एका प्रांताचे, आई दुसऱ्या प्रांताची; जाती निराळ्या, कधी धर्मही निराळे. घरात बोलायची भाषा मग एकच उरली, हिंदुस्थानी. ज्या समुद्राने जात बुडवायची होती, त्याच्या काठावर जातीबाहेरची लग्ने सरकारी दप्तरात नोंदली जात होती, आणि त्या काळी मुख्य भूमीवर अशा लग्नाने गावचे गाव पेटले असते. या जुन्या घराण्यांना आजही तेथे ‘प्री-४२’ म्हणतात, म्हणजे १९४२ पूर्वीपासूनचे.

११/ आमच्या गाडीचे चालक त्यांतलेच निघाले. बाबांनी आपल्या सवयीने विचारले, “मूळचे कुठले तुम्ही?” ते म्हणाले, “इथलेच.” बाबांचे समाधान होईना. “त्याआधीचे?” तेव्हा ते हसून हिंदीत म्हणाले, “पणजोबा एका जहाजाने आले, पणजी दुसऱ्या.” आत्याने गुन्हा कोणता होता हे विचारले. ते शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.” त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. मूळ गाव, जात, कूळ ही आपली ओळख करून घेण्याची रीत. न विचारण्याच्या सौजन्यावर उभा राहिलेला समाज मी प्रथमच पाहत होते.

१२/ पण ही बेटे रिकामी नव्हती. ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा जमाती येथे पिढ्यान्पिढ्या राहत होत्या. १८५९ च्या मे महिन्यात त्यांनी वसाहतीवर चाल केली. तीच ॲबर्डीनची लढाई. १८६३ पासून ‘अंदमान होम’ नावाच्या आश्रयस्थानांत त्यांना आणून ठेवण्यात येऊ लागले. बंदुकीहून अधिक माणसे रोगांनी नेली. १८७७ ची गोवराची साथ विशेष घातक ठरली. १८५८ च्या सुमारास काही हजार असलेला हा समाज आज पन्नासच्या आसपास उरला आहे. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि ‘बो’ भाषा बोलणारे शेवटचे माणूस गेले. एका पिढीने आपली भाषा पुढच्या पिढीच्या हाती देणे येथे कायमचे थांबले.

१३/ विसाव्या शतकात सरकारचे धोरण पालटले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे बंद करावे अशी शिफारस केली, आणि पुढे कुटुंबांसह वस्ती करण्याला उत्तेजन मिळू लागले. १९२१ च्या बंडानंतरचे मलबारातील मोपला, संयुक्त प्रांतातील भांतू, ब्रह्मदेशातील कारेन असे समूह त्याच दशकात आले. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा उतरल्या. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे आपण जाणतो. त्यानंतर महिन्याभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी, जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ स्थानिक नागरिकांना हम्फ्रेगंज येथे गोळ्या घातल्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

१४/ आता आमची ‘क्रूझ’ ज्या बेटावर पोहोचली तेथे. हेन्री हॅवलॉक आणि जेम्स नील हे १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी. उठावातील बंदिवान जेथे पाठवले, त्या बेटसमूहात या दोघांच्या नावांची बेटे आहेत. २०१८ मध्ये त्यांची स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशी नामांतरे झाली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झाले. पण हॅवलॉकवरील गावांची नावे ऐका : गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. ही नावे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या देव्हाऱ्यातली आहेत. १९४९ पासून अंदमानात, आणि पन्नाशीच्या दशकात या बेटावर, त्यांना वसवण्यात आले. जमीन एकेकट्या माणसाला नव्हे, कुटुंबाला दिली जाई.

१५/ राधानगरच्या किनाऱ्याजवळ शहाळी विकणारी एक वृद्धा आजीच्याच वयाची होती. आजीचे हिंदी मोडके, तिचे बंगाली वळणाचे. तरी दोघींचे जमले. ती आठ-नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर कलकत्त्याहून जहाजाने आली. जंगल तोडून पहिले भात पिकेपर्यंत घराचे हाल झाले. भाऊ तापाने गेला. आजीने विचारले, “मग पुन्हा गावाला गेला होता का कधी?” ती म्हणाली, “कुठे जाणार? ते गाव आता दुसऱ्या देशात आहे.” आजीने तिचा हात हातात घेतला. आमच्या सहलीतले सर्वाधिक छायाचित्रे निघालेले ठिकाण तोच किनारा. हे छायाचित्र मात्र कोणी काढले नाही, आणि तेच योग्य झाले असे मला वाटते.

१६/ हे सर्व पर्यटनाविरुद्ध म्हणून सांगत नाही. आमची नात पाण्यात मनसोक्त खेळली, आत्याने काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले, बाबांनी रोज मासे खाल्ले. ज्या समुद्राने शंभर वर्षे घरे तोडली, त्याच्यावरून एक अख्खे घर हसतखेळत जाऊन परत येते, हीसुद्धा इतिहासातील नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. फक्त जाणाऱ्यांनी तुरुंगातला ध्वनिप्रकाशाचा खेळ पाहून झाला की अंदमान संपले असे समजू नये. तेथून खरा आरंभ होतो : बाजारात, गोदीवर, राधानगरच्या वाटेवर. ‘मूळचे कुठले’ हे विचारण्याआधी मात्र क्षणभर थांबावे.

१७/ शेवटी एक विनंती. मुंबई इलाख्यातूनही बंदिवान अंदमानला गेले आणि त्यांतले अनेक परतले नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांची हकीकत सरकारी दप्तरांपेक्षा घरच्या बोलण्यात टिकण्याचा संभव अधिक. तुमच्या घरात वा गावात ‘काळ्या पाण्याला गेलेल्या’ कोणाची आठवण सांगितली जात असेल, तर आजी-आजोबांना आताच विचारा, त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. इतरांना सांगण्यासारखे असेल तर येथे खाली लिहा. पुढचा धागा त्या आठवणींवरच करावा असे मनात आहे.